चला, राणीबाग उतरा

माझ्या सासऱ्यांनी तेहतीस वर्षं ‘राणीबाग!’ असं ओरडून लोकांना बसमधून उतरवलं आणि स्वतः एकदाही उतरले नाहीत.

अण्णा बेस्टमध्ये कंडक्टर होते. १९६८ साली लागले, २००१ साली सुटले. ‘निवृत्त’ हा शब्द त्यांना आवडत नाही, ‘सुटलो’ म्हणतात, ड्युटी सुटते तसं. ते लागले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, व्हिक्टोरिया गार्डनचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं. पाट्या बदलल्या, पण अण्णांची आरोळी बदलली नाही. “पाटीवर काय लिहायचं ते लिहू दे. पब्लिकला राणीबागच कळते,” हे त्यांचं म्हणणं आजही आहे. राणी कोण, कुठली, याच्याशी पब्लिकला देणंघेणं नव्हतंच. लहानपणी मला तर ती राणी हत्तीवर बसून बागेत फिरत असेल असं वाटायचं.

बाग आतून न बघताही अण्णांना ती बरीच ठाऊक होती, ती उतारूंवरून. जाणारी आणि परतणारी माणसं वेगळी असतात, असं ते सांगतात. जाणाऱ्या बायका तीन पोरं, पाण्याची कॅन, डब्यांची पिशवी सांभाळत दांड्याला लटकायला आनंदाने तयार. तीच माणसं संध्याकाळी परतताना मात्र बसायला जागा मागणार. पोर खांद्यावर झोपलेलं, एक चप्पल गायब, पिशवीतले रिकामे डबे प्रत्येक धक्क्याला वाजतायत. “आत काय बघून येतात कुणास ठाऊक, पण दमून येतात आणि खूश असतात,” एवढा निष्कर्ष त्यांनी काढून ठेवला होता. रविवारी ड्युटी असायची. सुट्टी आठवड्यात मधेच कधीतरी, आणि त्या दिवशी बसमधून कुठे जायचं नाव काढलं तरी ते तोंड फिरवत. माझ्या नवऱ्याला राणीबाग दाखवली ती त्याच्या मामाने. हत्तीवर बसवून. हत्तीची पाठ खरखरीत असते, चड्डीतून टोचते, ही त्या सहलीची त्याची एकमेव आठवण.

दोन वर्षांपूर्वी अण्णा मोरीत घसरले. खुब्याचं ऑपरेशन झालं, काठी आली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, जमेल तेव्हा मोकळ्यावर न्या, थोडं ऊन, थोडं झाड. डॉक्टरांना सांगायला काय जातं! आम्ही चिंचपोकळीला चाळीत राहतो. चालायचं म्हणजे गॅलरीत, म्हणजे बादल्या, सायकली, वाळत घातलेले पापड आणि शेजारच्या दारातली तुळस यांच्यामधून स्लॅलम खेळत. अण्णा चार दिवस चालले आणि पाचव्या दिवशी म्हणाले, “सूनबाई, गर्दीच्या वेळी गाडीत तिकिटं फाडल्यासारखं वाटतंय.”

घराजवळ एक बाग आहे. नाव सांगत नाही, कारण तशा बागा तुमच्याही घराजवळ असतील. तिथे गेलो. रबराच्या फरशा, पिवळी-निळी व्यायामाची यंत्रं, रात्री उजळणारी इंग्रजी अक्षरं आणि त्यांच्यासमोर फोटोसाठी उभं राहायला आखलेली जागा. झाडं कमरेएवढी, गोल कातरलेली, सावली देण्याच्या वयाला अजून पंधरा वर्षं अवकाश. बाक दोन. दोन्ही उन्हात, आणि दोन्हींच्या मधोमध लोखंडी दांडा, कुणी आडवं होऊ नये म्हणून. अण्णांनी काठी टेकून सगळीकडे नजर फिरवली. “हे स्टँडिंगवाल्यांचं गार्डन आहे,” म्हणाले. आम्ही परत आलो.

मग मला राणीबाग आठवली. चिंचपोकळीहून भायखळा एकच स्टेशन, पण जिने अण्णांना झेपणारे नव्हते, तेव्हा काळीपिवळी. एवढ्या जवळच्या भाड्याला येणारा टॅक्सीवाला मिळेपर्यंत तीन जणांनी मान हलवली. बुधवारी बाग बंद असते हे मला माहीत होतं, म्हणून मी मुद्दाम गुरुवार धरला होता. गेटवर पोहोचलो तर कुलूप! झालं होतं असं, की बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग त्या दिवशी उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद. आदल्या दिवशी सुट्टी होती. मी घरून चार दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीची रिटर्नं भरते, तारखा हाच माझा धंदा, आणि मलाच हे सुचलं नाही. अण्णा मात्र शांत होते. गेटसमोर उभे राहून, कमानीकडे बघत, हळूच पण अगदी ठसक्यात म्हणाले, “चला, राणीबाग उतरा.” मग स्वतःशीच हसले.

पुढच्या मंगळवारी आत गेलो.

तिकीट पन्नास रुपये. २०१७ च्या ऑगस्टपर्यंत ते पाच रुपये होतं. पेंग्विन आले आणि एकदम दसपट झालं. आई-वडील आणि दोन मुलं मिळून शंभर, म्हणजे कुटुंबाला सवलत आहे, पण एकट्यादुकट्याला पन्नास. तिकीट अण्णांनी हातात घेतलं, उलटसुलट केलं, जुन्या सवयीने कोपरा चिमटीत धरला आणि खिडकीतल्या माणसाला विचारलं, “पन्नासात कुठपर्यंत?” तो बिचारा गोंधळला. मला विचाराल तर पन्नास रुपये ही मोठी रक्कम नाही आणि आहेही. सिनेमाच्या मानाने काहीच नाही, पण रोज संध्याकाळी अर्धा तास टेकून जावं असं ज्याला वाटतं, त्याच्यासाठी तिकीट वाढलं त्या दिवशी बागेचं दार थोडं जड झालं.

आत शिरल्यावर गर्दी सरळ एका दिशेला जाते, पेंग्विन कुठे, वाघ कुठे विचारत. पोरं पुढे धावतात, आया मागून ओरडतात. आम्ही आमच्या गतीने, म्हणजे दर वीस पावलांना एक थांबा घेत, डावीकडच्या सावलीत वळलो. एक मोकळा बाक दिसला. अण्णा बसले. पाठ टेकली, काठी गुडघ्यांच्या मधे उभी केली आणि वर बघितलं. किती वेळ तरी वरच बघत होते.

तेहतीस वर्षं उभं राहून नोकरी केलेला माणूस बसतो तेव्हा तो नुसता बसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. घरीही ते बसतात, पण घरात बसणं म्हणजे कुणाच्या तरी वाटेत बसणं. दहा बाय अठराच्या खोलीत प्रत्येक जण कुणाच्या तरी वाटेत असतो. इथे पाय लांब केले तरी कुणी ओलांडून जात नव्हतं.

त्यांची एक खूण आहे. बसमध्ये एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. बागेत घंटी नाही, तर ते बाकाच्या पायावर काठी आपटतात. दोनदा टक-टक झालं की मी पिशवी उचलते. पहिले काही दिवस दहा-पंधरा मिनिटांत टक-टक व्हायचं. मग अर्धा तास. आता मी बरोबर चहाचा थर्मास नेते.

आम्ही आठवड्यातून दोनदा जातो, मंगळवारी आणि शुक्रवारी. इतक्या फेऱ्यांनंतरही बाग पुरी पाहून झालेली नाही. पन्नास एकरांहून थोडी मोठी आहे, पण कारण ते नव्हे. आम्ही बसतो फार.

बसल्या बसल्या मी वाचायला लागले. झाडांवरच्या पाट्या, मग घरी येऊन आणखी काही. तेव्हा कळलं, की ही मुळात प्राण्यांची बाग नव्हेच. ती झाडांची बाग. पश्चिम भारतातल्या शेती आणि बागायतीसाठी स्थापन झालेली एक जुनी सोसायटी होती, तिची वनस्पतींची बाग आधी शिवडीला होती. त्या जागेवर पुढे ख्रिस्ती दफनभूमी झाली, आजही आहे, तिथली गर्द झाडी बघितली की तिचा पूर्वजन्म कळतो. नवी बाग इथे भायखळ्याला मांडली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरच्या बायकोने, लेडी फ्रियरने, ती उघडली. १८७३ मध्ये ती नगरपालिकेकडे आली. १८९० मध्ये शेजारची जमीन जोडून बाग वाढवली. पिंजरे नंतरचे. म्हणजे घर झाडांचं, प्राणी पोटभाडेकरू. पण भाडेकरूच घराचे मालक वाटायला लागावेत ही मुंबईतली जुनी रीत आहे, चाळीत राहणाऱ्या माणसाने त्यावर जास्त बोलू नये.

अण्णांना मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळेपासून झाडांना आपली नावं ठेवायला सुरुवात केली.

गोरखचिंच त्यांना पहिल्या भेटीतच आवडली. आफ्रिकेतलं झाड, बुंधा असा फुगलेला, की आत कुणी राहत असावं. पानं गळलेल्या दिवसांत तर ते मुळं वर करून जमिनीत उलटं खोचल्यासारखं दिसतं. फूल रात्री उमलतं आणि त्याचं परागण वटवाघळं करतात. फळ दुधीसारखं लोंबतं, आतला गर पांढरा, कोरडा, आंबट. “हा आमचा एक इन्स्पेक्टर,” अण्णा म्हणाले. “पोट अस्संच. गाडीत चढला की मधली वाट बंद.” तेव्हापासून ती गोरखचिंच म्हणजे इन्स्पेक्टर. तिच्याजवळून जाताना अण्णा खिशातून तिकीट काढून दाखवतात. मला आधी लाज वाटायची, लोक बघतात म्हणून. आता मीही दाखवते.

पर्जन्यवृक्षाचं नाव ‘डेपो’, कारण त्याच्याखाली सगळे येऊन उभे राहतात. छत्रीसारखा पसरलेला, संध्याकाळ झाली की पानं मिटून घेणारा. ढग दाटून आले तरी मिटतो. शेंगा चिकट आणि गोडसर, आमच्या शाळेच्या आवारात होता, त्याच्या शेंगा ठेचून आम्ही चेंडू करायचो. गेल्या काही वर्षांत मुंबईत रस्त्याकडेचे कितीतरी पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकूण नावाच्या किडीने वाळून गेले. उभ्या उभ्या सांगाडा होतो. त्यामुळे इथला हिरवा डेपो दिसला की मी आधी फांद्यांची टोकं बघते.

वटवाघळं दिवसा उंच झाडांवर लटकलेली असतात, काळ्या चामड्याच्या पाकिटांसारखी. एखादं मधेच पंख उघडून स्वतःला वारा घालतं, शेजाऱ्याला ढकलतं, मग जो कलकलाट होतो तो ऐकण्यासारखा. “फुटबोर्डवाले,” अण्णा. “आत जागा असली तरी लटकूनच जाणार.”

कैलासपतीजवळ मात्र त्यांनी नाव ठेवलं नाही. तिथे जे झालं ते जरा सावकाश सांगते. हे दक्षिण अमेरिकेतलं झाड. फुलं फांदीच्या टोकाला न येता थेट खोडावर येतात, खोडातून फुटलेल्या दोरखंडांसारख्या देठांवर. फळं तोफेच्या गोळ्याएवढी आणि तशीच गोल, तपकिरी, म्हणून खाली बसायचं नाही हे आधी शिकायचं. त्या दिवशी नुकतंच पडलेलं एक फूल वाटेत होतं. मी उचलून अण्णांच्या तळहातावर ठेवलं. जाड, मांसल पाकळ्या, बाहेरून पिवळट आणि आतून गुलाबी-लाल, मधे पुंकेसरांचा एक वळलेला फणा, आणि त्या फण्याखाली बारीक पांढऱ्या केसरांच्या गर्दीत, अगदी मधोमध, इवलीशी पिंड. अण्णांच्या अंगठ्याला आणि तर्जनीला तिकिटं फाडून फाडून कायमचं घट्टं पडलंय. त्या दोन बोटांनी त्यांनी फणा अलगद उचलला, आत बघितलं, पुन्हा मिटवला. पुन्हा उचलला. वास इतका दाट, की थर्मासमधल्या चहाला घरी पोहोचेपर्यंत तो येत होता. “आपला देव त्या अमेरिकेतल्या झाडात कसा गेला गं?” एवढंच त्यांनी विचारलं. मला उत्तर माहीत नव्हतं. फूल त्यांनी रुमालात गुंडाळून नेलं, देव्हाऱ्यात ठेवलं आणि दोन दिवसांनी काळं पडल्यावर मी टाकलं तेव्हा रागावले.

अशोकाचं एक वेगळंच. बागेत सीतेचा अशोक आहे, खरा अशोक. वसंतात त्याच्या फांद्यांना केशरी गुच्छ बिलगून येतात, जुने होता होता लाल होतात. पण शहरातल्या दर दुसऱ्या सोसायटीच्या कुंपणाशी जे उंच, सरळ, खांबासारखं झाड असतं त्यालाच सगळे अशोक म्हणतात. तो आसुपालव. एक आजोबा नातवाला सांगत होते, “अशोक असा नसतो रे, अशोक सरळ असतो. पाटी चुकली असेल.” मी तोंड उघडणार होते, अण्णांनी काठीने माझा पाय दाबला. उतारूंशी वाद घालायचा नाही, हा त्यांचा नियम.

पेंग्विन बघितले नाहीत असं नाही. एकदा गेलो. २०१६ च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले, त्यातला एक त्याच वर्षी दगावला, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. पुढच्या मार्चमध्ये ते लोकांना बघायला खुले झाले. लोकांना वाटतं हे बर्फातले. पण हम्बोल्ट पेंग्विन पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, जिथे थंड समुद्राला लागून कोरडं वाळवंट आहे. हे मी रांगेत अण्णांना सांगत होते आणि पुढच्या बाईने मला ‘शूऽऽ’ केलं, मुलाला तिने उत्तर ध्रुव सांगितला होता. काचेसमोर आलो. आत गार, निळा उजेड, आणि दोन-तीन पेंग्विन खडकावर नुसते उभे. पंख अंगाला चिकटवून, मान किंचित वर करून, कुठेतरी लांब बघत. मागून ‘पुढे चला, पुढे चला’ सुरूच होतं. अण्णा हलेनात. बाहेर आल्यावर म्हणाले, “आठ तास असंच उभं राहायचं असतं. मान त्यांची बरोबर आहे. गर्दीकडे बघायचं नाही, डोकं फिरतं.”

मुलांची घसरगुंडी, झोपाळे आहेत, तिथे आम्ही फार रेंगाळत नाही, एखादा चेंडू काठीला लागतो. सकाळी लवकर फिरायला येणाऱ्यांचं एक वेगळंच जग असतं म्हणतात, बूट-टोपीवाल्यांचं, ते आम्ही पाहिलेलं नाही. अण्णा अकराच्या आधी घराबाहेर पडत नाहीत. पहिल्या पाळीचा सूड आहे तो.

बागेत काळा घोडाही आहे, खरा. म्हणजे सातव्या एडवर्डचा तो पुतळा, ज्याच्यावरून फोर्टातल्या त्या भागाला नाव पडलं. १९६५ मध्ये तो तिथून काढून इथे आणला. म्हणजे अण्णा कामाला लागले तेव्हा चौकात घोडा नव्हताच, आणि तरी ते बिनदिक्कत ‘काळा घोडा!’ ओरडून लोकांना उतरवत होते. आता २०१७ पासून तिथे बिनस्वाराचा नवा घोडा उभा केलाय, पण मधली पन्नास वर्षं घोडा भायखळ्यात आणि थांबा फोर्टात. हे कळल्यावर अण्णा जरा हादरले. पुतळ्याकडे बघत म्हणाले, “म्हणजे मी रोज ह्याच्या अंगावरून जात होतो आणि पुढे जाऊन ह्याच्या नावाने ओरडत होतो.”

शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात दगडी हत्ती आहे, त्याचीही गोष्ट अशीच. घारापुरीच्या बेटावरचा हा हत्ती, त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये साहेब लोक त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना यारी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. तुकडे या बागेत येऊन पडले आणि १९१४ मध्ये जोडून तो पुन्हा उभा केला. सांधे अजून दिसतात. अण्णांनी आपल्या खुब्यावर हात ठेवला, काही बोलले नाहीत.

हे सगळं आज आपल्याला बसायला मिळतंय त्यामागे काही बायका आहेत, तेवढं सांगायला हवं. २००७ च्या सुमारास बागेचा कायापालट करायचा भला मोठा आराखडा आला. परदेशी पद्धतीचं प्राणिसंग्रहालय, शेकडो कोटींचा खर्च. तेव्हा काही मुंबईकर स्त्रिया उभ्या राहिल्या. त्यांनी आधी काय केलं असेल, तर झाडं मोजली. एकेका झाडापाशी जाऊन नाव लिहिलं, फुलाची वेळ लिहिली. मग सांगितलं की हे प्राणिसंग्रहालय नाही, वनस्पती उद्यान आहे, आणि हे घ्या पुरावे. आराखडा मूळ रूपात झाला नाही. मला त्या मोजणीचं फार कौतुक वाटतं. घोषणा कुणीही देईल. उन्हात उभं राहून झाडांची खतावणी लिहिणं हे हिशेबनिसाचं काम आहे, आणि हिशेबनिसाच्या कामाला कधी कुणी टाळ्या वाजवत नाही, हे मी स्वानुभवाने सांगते.

त्या बायकांच्या नोंदींवरून लिहिलेलं काहीबाही वाचताना उर्वशीचं नाव कळलं. ब्रह्मदेशातलं झाड. वॉलिच नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ १८२६-२७ मध्ये तिकडे फिरत असताना एका मठाजवळ त्याला ते दिसलं, आणि जवळच बुद्धाच्या मूर्तींपुढे त्याची फुलं ओंजळी भरभरून वाहिलेली. गव्हर्नर जनरल अ‍ॅमहर्स्टची बायको आणि मुलगी दोघींना झाडांचं वेड, म्हणून त्यांच्या नावावरून शास्त्रीय नाव ठेवलं. आपल्याकडे कुणीतरी रसिकाने ‘उर्वशी’ म्हटलं आणि ते चिकटलं. जगात फुलांच्या झाडांत हिच्याइतकं देखणं झाड नाही, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला अशा वाक्यांचा संशय येतो.

झाड सापडलं सप्टेंबरात. अण्णांना तर आधी ते वाळलंय असंच वाटलं, कारण त्याची कोवळी पानं उभी राहतच नाहीत. जांभळट-तपकिरी, ओल्या रुमालासारखी गळाठून लोंबतात, आठवड्या-दोन आठवड्यांनी त्यांत हिरवा जीव येतो आणि मग ताठ होतात. “नवीन भरती,” अण्णा म्हणाले. “पहिल्या दिवशी सगळे असेच.” फुलं जानेवारीनंतर, असं वाचलं होतं. त्या दिवसांत बागेत दुसरीकडे कोलविलिया फुलला होता, मादागास्करचा, केशरी घोसांचा, तो बघून परतलो.

पहिल्या जानेवारीत अण्णांना खोकला झाला, मग मार्चअखेर, म्हणजे माझा कामाचा हंगाम. बहर हुकला. यंदा मी कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्या. जानेवारीत दोनदा त्या झाडापाशी गेलो, झाड ढिम्म. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात देठ दिसले, वरून खाली सुटलेले. नंतरच्या मंगळवारी टॅक्सीच मिळाली नाही. आणि मग वीस तारीख, शुक्रवार. वीस तारीख म्हणजे माझ्याकडे रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. मी अण्णांना सांगितलं, आज नको. ते काठी घेऊन दारात उभे राहिले, काही न बोलता. कंडक्टरला प्रवाशाची वाट बघता येते.

गेलो. इन्स्पेक्टरला तिकीट दाखवलं, डेपोखाली दम घेतला, आणि वळणावर आलो तर समोर उर्वशी.

वाचलेलं खरं होतं, एवढंच म्हणते. झाडभर झुंबरं उलटी सोडलेली. हातभर लांब, सरळ खाली लोंबणारा दांडा आणि त्यावर चहूबाजूंनी फुलं, शेंदरी-लाल, प्रत्येकाच्या वरच्या पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका, हळदीत बोट बुडवून लावल्यासारखा. झाड उंच नाही. एक झुंबर तर अण्णांच्या टोपीच्या जरा वर, हाताला येईल असं. त्यांनी हात लावला नाही. बाक जवळच होता, त्यावर एक पोरगेलं जोडपं बसलेलं, अण्णांना बघून दोघं उठायला लागले. अण्णांनी हातानेच त्यांना बसवलं, “पुढे सरका जरा, तिघांची सीट आहे,” म्हणाले, आणि कडेला टेकले. मी मागे उभी राहिले. एक शिंजीर पक्षी त्या झुंबरांमधून वरखाली करत होता. लोक जात होते, बहुतेक पेंग्विनकडे. एक बाई थांबली, वर बघितलं, “अय्या” म्हणाली, फोन काढला, मग फोटो न काढताच पुन्हा वर बघत राहिली.

माझा फोन थरथरला. एका दुकानदाराचा ओटीपी हवा होता, त्याच्या पाठोपाठ दुसऱ्याचा मेसेज, मॅडम झालं का. दीड वाजला होता. पोर्टल संध्याकाळी लटकतं हे मला पक्कं ठाऊक. मी थर्मासचं झाकण लावलं, पिशवी खांद्याला अडकवली आणि म्हटलं, “अण्णा, निघू या का? उशीर होईल.”

त्यांनी वर बघता बघताच काठी उचलली आणि बाकाच्या पायावर आपटली. एकदाच.

मी पिशवी खाली ठेवली. पोरगी आणखी थोडी सरकली.